म्बोवेनी यांच्या तीन खुर्च्या

(रेल्वे व डाक-तार खात्यातील मराठी सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोन-तीन जणांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "सेक्रेटरीसाहेब, 18 महिन्यांच्या थकबाकीवर बोलायचे सोडून दक्षिण आफ्रिका कुठून काढलीत?" थकबाकीवर बोलणारच आहोत, पण जरा लांबच्या वाटेने. मागच्या वर्गात एका तरुण साथीने प्रश्न केला होता की, दिल्लीच्या अर्थखात्यात चळवळीतून आलेला, कामगाराचे दुखणे जाणणारा माणूस बसला तर आपले प्रश्न सुटतील की नाही? त्या दिवशी वेळ संपली म्हणून आम्ही उत्तर टाळले. खरे सांगायचे तर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही मॅट्रिक शिकलेले, गँगमधून वर आलेले. अर्थशास्त्र जेवढे समजते तेवढे वेतन आयोगाच्या अहवालांनी आणि किराणा दुकानाच्या वहीने शिकवले. म्हणून असा माणूस जगात कुठे खरोखर त्या खुर्चीवर बसला आहे का, याचा शोध घेतला. तो सापडला. त्याचे नाव टिटो म्बोवेनी.

नाव तोंडात बसायला वेळ लागतो. ओठ मिटून 'म' अर्धाच म्हणायचा आणि लगेच 'बोवेनी'. आम्हालाही दोन दिवस लागले.

म्बोवेनी यांचा जन्म 16 मार्च 1959 चा, त्झानीनच्या भागातला. त्या वेळच्या ट्रान्सव्हालचा, आजच्या लिंपोपो प्रांताचा हा मुलूख. काळ्या माणसाने कुठे राहायचे, कोणत्या डब्यात बसायचे, कोणते काम करायचे हे सारे गोऱ्यांचे सरकार ठरवी. त्याच 1959 साली त्या सरकारने टर्फलूप येथे फक्त काळ्यांसाठी वेगळे विद्यापीठ काढले होते. म्बोवेनी तिथे वाणिज्य शिकायला गेले, पण शिक्षण अर्धवट सोडून 1980 साली देशाबाहेर पडले. लेसोथो नावाचा छोटा देश आहे, चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. तिथे ते आफ्रिकन नॅशनल काँग्रेसमध्ये दाखल झाले, तिथेच 1985 मध्ये अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले. पुढे इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात विकासाच्या अर्थशास्त्रात एम. ए. केले. 1990 मध्ये काँग्रेसवरची बंदी उठल्यावर ते मायदेशी परतले आणि पक्षाच्या आर्थिक धोरण विभागात काम करू लागले.

त्यांच्या पहिल्या खुर्चीचे मोल कळण्यासाठी आधी तिथल्या रेल्वे कामगारांचे काय हाल होते ते ऐका. 1924 च्या तिथल्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्याच अशी केली होती की पास बाळगणारा काळा मजूर तिच्यात बसत नसे. म्हणजे दिवसभर फावडे मारणारा माणूस कायद्याने कामगारच नाही! 1953 च्या कायद्याने काळ्या कामगारांना संपाची बंदी केली. 1973 मध्ये दरबानच्या गिरण्या-कारखान्यांत संपाची लाट आली, तिच्यात हिंदी वंशाचे कामगारही होते. तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि 1979 नंतर काळ्यांच्या संघटना नोंदवून घ्यायला सुरुवात झाली. 1 डिसेंबर 1985 रोजी दरबानमध्येच कोसाटू हा महासंघ स्थापन झाला.

आणि 1987 चा रेल्वे संप. सिटी डीप येथील कंटेनर डेपोतल्या एका कामगाराने गिऱ्हाईकाकडून घेतलेल्या काही रँडचा भरणा उशिरा केला म्हणून त्याला काढून टाकले. रक्कम किती, तर किरकोळ. पण त्या एका माणसासाठी साथी थांबले, मग दुसरा डेपो थांबला, मग स्टेशने. सारवू या त्यांच्या संघटनेला प्रशासन मान्यता देत नव्हते. संप मार्च ते जून चालला. सुमारे 16,000 कामगार बडतर्फ झाले. 22 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात सहा रेल्वे कामगार मेले. मे महिन्यात कोसाटूच्या मुख्य कचेरीत बॉम्बस्फोट घडवला गेला. अखेरीस प्रशासनाला माणसे कामावर परत घ्यावी लागली. आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही 1974 च्या मे महिन्यातल्या गोष्टी ऐकत वाढलो. क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढले, रात्री-बेरात्री धरपकड झाली. म्हणून तो संप आम्हाला परका वाटत नाही.

27 एप्रिल 1994 ला तिथे पहिल्यांदा सर्वांना मतदान मिळाले. मंडेला अध्यक्ष झाले आणि पस्तीस वर्षांचे म्बोवेनी कामगारमंत्री. ही पहिली खुर्ची.

बसल्याबरोबर त्यांनी कायदेपंडितांची एक समिती नेमून जुन्या सगळ्या कामगार कायद्यांच्या जागी एकच नवा कायदा लिहायला घेतला. त्याची पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. मसुदा आधी छापून सर्वांपुढे ठेवला. सरकार, मालक आणि कामगार संघटना यांची नेडलॅक नावाची परिषद 1995 मध्ये सुरू झाली होती, तिथे कलमावर कलम घासाघीस झाली. मालकांना टाळेबंदीचा हक्क हवा होता, संघटनांना तो नको होता. कोसाटूने जून 1995 मध्ये आपल्याच मित्र सरकारविरुद्ध रस्त्यावर मोर्चे काढले. सरकार आपले आहे म्हणून ते घरी बसले नाहीत. 1995 चा हा कामगार संबंध कायदा 11 नोव्हेंबर 1996 पासून लागू झाला.

त्यात काय आहे? शेतमजूर, घरकाम करणारी बाई, सरकारी नोकर असे जवळजवळ सारे एका कायद्याखाली आले. सैन्य आणि गुप्तचर खाते तेवढे बाहेर. संपाआधी समेटासाठी 30 दिवस द्यायचे, मग खाजगी मालकाला 48 तासांची आणि सरकार मालक असेल तर 7 दिवसांची नोटीस. एवढे पाळले की संप 'संरक्षित'. अशा संपात भाग घेतला म्हणून कोणाला काढता येत नाही. दुसऱ्या कारखान्याच्या संपाला पाठिंब्याचा संप करता येतो. अत्यावश्यक सेवेत मात्र संप नाही, लवाद.

बडतर्फीसाठी त्यांनी जे केले ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. समेट, मध्यस्थी व लवाद आयोग नेमला, सी.सी.एम.ए. म्हणतात त्याला. काढलेल्या कामगाराने 30 दिवसांत एक अर्ज भरायचा. फी नाही. आयोगाने 30 दिवसांत समेट घडवायचा प्रयत्न करायचा, नाही जमला तर लवाद, आणि सुनावणी संपल्यावर 14 दिवसांत निवाडा. आमच्या गँगमध्ये एक की-मन होता. नाव घेत नाही, कचेरीचेही नाही. पावसाळ्यात आजारी बायकोला घेऊन गावी गेला, परत यायला उशीर झाला, विनापरवानगी गैरहजर म्हणून चार्जशीट लागले आणि नोकरी गेली. अपील, फेरअपील, मग न्यायाधिकरण. निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा त्याला रिटायर व्हायला सहा महिने उरले होते. सीटी घालून हातात हातोडा घेऊन रुळावर चालणारा माणूस मधली वर्षे भाजीची गाडी ढकलत होता. म्हणून 30 दिवसांचे ते कलम आम्ही दोनदा वाचले.

1997 मध्ये म्बोवेनींनी कामाच्या किमान अटींचा दुसरा कायदा आणला. आठवड्याला 45 तास, वर्षाला सलग 21 दिवस भरपगारी रजा, जादा कामाला दीडपट, चार महिने प्रसूती रजा. कोसाटूची मागणी 40 तासांची होती आणि बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची हवी होती. त्यासाठी त्या वर्षी देशभर कामबंद झाले. पण 45 ते 45 च राहिले. इथेच वारे कुठून वाहते ते दिसू लागले होते. 1996 च्या जूनमध्ये अर्थमंत्री ट्रेव्हर मॅन्युअल यांनी 'गिअर' नावाचे धोरण आणले होते: तूट कमी करा, सरकारी उद्योग विका, परकी भांडवलाला वाट द्या. आपल्याकडे 1991 मध्ये आले तेच.

डाक-तारच्या साथींसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. कोसाटूचे पहिले सरचिटणीस जे नायडू. हिंदी वंशाचे, लढाऊ माणूस. तेही मंत्री झाले आणि 1996 पासून डाक, दूरसंचार खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी तिथल्या टपाल-टेलिफोन कामगारांची पोत्वा ही संघटना आणि इतर मिळून एकच कम्युनिकेशन वर्कर्स युनियन झाली. आणि 1997 मध्ये सरकारी टेलिफोन कंपनी टेलकॉमचे 30 टक्के भाग अमेरिकी आणि मलेशियन कंपन्यांना विकले गेले. मंत्री कोण, तर संघटनेचे माजी सरचिटणीस. इथे आम्ही थांबतो, कारण आज माणूस म्बोवेनी आहे.

1998 च्या जुलैत म्बोवेनी मंत्रिपद सोडून रिझर्व्ह बँकेत गव्हर्नरांचे सल्लागार म्हणून गेले आणि ऑगस्ट 1999 मध्ये स्वतः गव्हर्नर झाले. 1921 मध्ये स्थापन झालेल्या त्या बँकेचे हे आठवे गव्हर्नर आणि पहिले काळे. ज्या मुलाला देशात नीट शिकता आले नाही त्याची सही रँडच्या नोटेवर आली. ही गोष्ट लहान नाही. आपल्या आंबेडकरी साथींना तर ती समजावून सांगायला नको.

मात्र खुर्ची दुसरी होती. फेब्रुवारी 2000 मध्ये सरकारने ठरवले की महागाई 3 ते 6 टक्क्यांत ठेवायची आणि हत्यार एकच, व्याजाचा दर. आपल्या रिझर्व्ह बँकेलाही 2016 पासून असेच लक्ष्य आहे, 4 टक्के, अधिक-उणे 2. कोसाटूने या पद्धतीला पहिल्यापासून विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते. महागाई आटोक्यात हवीच, ती गरिबालाच आधी खाते. पण मक्याचे पीठ आणि पेट्रोल महागले ते काही कामगाराने जास्त कर्ज काढले म्हणून नव्हे. मग व्याज वाढवून कारखान्याचे धुराडे का विझवता? डिसेंबर 2001 मध्ये एका डॉलरला 13 रँडच्या वर मोजावे लागले, भाव भडकले. म्बोवेनींनी 2002 मध्ये चार वेळा एकेक टक्का व्याज वाढवून ते 13.5 वर नेले. महागाई उतरल्यावर 2003 मध्ये ते 8 पर्यंत खालीही आणले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अभ्यासवर्ग कशाला म्हणायचे? आधीच्या गव्हर्नरांच्या काळात रँड सावरण्यासाठी बँकेने जवळ नसलेले डॉलर पुढच्या तारखेने विकून ठेवले होते. 1998 मध्ये हा खड्डा सुमारे 23 अब्ज डॉलरचा होता. सट्टेबाजांना त्याचा वास लागला की ते रँड पाडत. म्बोवेनींनी थोडे थोडे डॉलर घेऊन 2004 पर्यंत तो खड्डा बुजवला आणि वर गंगाजळी साठवली. 2008 ची जागतिक मंदी आली तेव्हा त्या देशाला हात पसरावे लागले नाहीत, याचे श्रेय त्यांचेच. पण त्याच मंदीत 2009 मध्ये लाखो नोकऱ्या गेल्या. व्याज 12 वरून 7 टक्क्यांवर आणले, पण उशिरा, असे संघटनांचे म्हणणे राहिले. त्या वर्षी चारांत एक माणूस बेकार होता. गंगाजळी भरली आणि बेकारीही राहिली. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, एकाने दुसरे पुसले जात नाही.

नोव्हेंबर 2009 मध्ये ते बँकेतून निघाले आणि मोठ्या कंपन्यांकडे गेले. गोल्डमन सॅक्सचे सल्लागार, अँग्लोगोल्ड अशांती या सोन्याच्या खाण कंपनीचे अध्यक्ष. 2012 मध्ये खाणींत संपाचा वणवा पेटला, अँग्लोगोल्डमध्येही. समेटाच्या पायऱ्या न चढता झालेले हे संप 'असंरक्षित' ठरले. हा शब्द कोणत्या कायद्यातला? 1995 च्या. ज्यांच्या मंत्रिपदाखाली तो लिहिला गेला ते आता मालकाच्या बाजूच्या खुर्चीवर. आम्ही याला गद्दारी म्हणणार नाही. सरकारातून निघालेली बरीच माणसे त्याच दाराने जातात, आपल्याकडे काय वेगळे आहे?

9 ऑक्टोबर 2018 रोजी न्लान्ला नेने यांनी राजीनामा दिला आणि अध्यक्ष रामाफोसा यांनी म्बोवेनींना अर्थमंत्री केले. तिसरी खुर्ची. रामाफोसा स्वतः खाण कामगार संघटनेचे पहिले सरचिटणीस! म्हणजे अध्यक्ष कामगार पुढारी, अर्थमंत्री कामगार कायद्याचा शिल्पकार. त्या तरुण साथीने मागितले होते त्याहून जास्तच.

माणूस मोकळा होता. ट्विटरवर आपल्या स्वयंपाकाचे फोटो टाकायचा. डब्यातले मासे, वर सोललेला ढीगभर लसूण. लोक खो-खो हसत. 2019 च्या अर्थसंकल्पाला संसदेत कोरफडीचे रोप घेऊन आले, दुष्काळातही तग धरते म्हणून. पण काटे कुणाला बोचणार ते लवकरच कळले.

ऑगस्ट 2019 मध्ये त्यांच्या खात्याने आर्थिक धोरणाचा एक दस्तऐवज काढला. वीज कंपनीची कोळशावरची केंद्रे विका, आणि मालवाहतुकीच्या सरकारी रेल्वेमार्गावर खाजगी गाड्यांना वाट द्या. रूळ सरकारचे, देखभाल सरकारची, गाडी आणि नफा दुसऱ्याचा. जुलै 2020 मध्ये आपल्याकडे 109 मार्गांवर 151 खाजगी गाड्यांसाठी अर्ज मागवले, तेव्हा आपण फाटकांवर काळ्या फिती लावल्या होत्या. ती योजना त्या रूपात उतरली नाही. पण बघा, दोन देशांचे कागद किती सारखे निघतात.

आता मुख्य मुद्दा. 2018 मध्ये तिथल्या सरकारने शिक्षक, परिचारिका, पोलिस, कारकून यांच्या संघटनांशी तीन वर्षांचा सामुदायिक करार केला होता. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1 एप्रिल 2020 पासून, खालच्या श्रेणींना महागाईच्या दराहून 1 टक्का जास्त, मधल्यांना अर्धा टक्का जास्त, वरच्यांना महागाईइतकी वाढ मिळायची होती. 26 फेब्रुवारी 2020 ला म्बोवेनींनी अर्थसंकल्पात जाहीर केले की तीन वर्षांत वेतनखर्चातून 160 अब्ज रँड कापायचे. पगारावर सरकारी खर्चाचा तिसरा हिस्सा जातो, कर्ज वाढते आहे, असे कारण. 1 एप्रिल उजाडला, वाढ आली नाही. कोविड सुरू झालेला. परिचारिका वॉर्डात उभ्या आणि त्यांचा सही-शिक्क्याचा करार कपाटात. त्याच वर्षी नाणेनिधीकडून 4.3 अब्ज डॉलरचे कर्ज घेतले गेले, आणि सरकारी विमान कंपनीसाठी 10.5 अब्ज रँड बाजूला काढले. विशेष म्हणजे ही कंपनी बंद करावी असे म्बोवेनी स्वतःच आधी बोलले होते.

निर्णय एकट्या म्बोवेनींचा नव्हता, मंत्रिमंडळाचा होता. संघटना कोर्टात गेल्या. कोणत्या? 1995 च्या कायद्याखाली बसणाऱ्या लेबर अपील कोर्टात. तिथे 15 डिसेंबर 2020 रोजी हरल्या. घटना न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2022 रोजी तोच निकाल कायम केला. कारण नीट ऐका. लोकसेवा नियम 78 आणि 79 प्रमाणे, करारावर सही करण्याआधी पैसे कुठून येणार याची अर्थखात्याची लेखी हमी लागते. ती घेतलीच नव्हती. म्हणून करारच बेकायदा. हमी कोणी घ्यायची होती? सरकारने. चूक कोणाची? सरकारची. वाढ कोणाची गेली? तुम्हीच सांगा. निकाल लागला तेव्हा म्बोवेनी पदावर नव्हते. ऑगस्ट 2021 मध्ये त्यांनी पद सोडले. 12 ऑक्टोबर 2024 रोजी, वयाच्या 65 व्या वर्षी ते वारले.

आता आपल्या थकबाकीकडे येतो. 23 एप्रिल 2020 चा हुकूम. जानेवारी 2020, जुलै 2020 आणि जानेवारी 2021 असे महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. आम्ही त्या दिवसांत पास घेऊन मालगाड्या चालवत होतो, गँग रुळावर होती, पोस्टमन औषधांची पार्सले दारोदार पोचवत होते. जुलै 2021 पासून भत्ता 17 वरून 28 टक्के झाला, पण मधल्या 18 महिन्यांचे पैसे दिले नाहीत. सरकारने संसदेत सांगितलेला आकडा 34,402 कोटी रुपये. तिथे करार मोडला, इथे करार नव्हताच, नुसता हुकूम होता. आपला भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे असे आपण अभिमानाने सांगतो. पण कोणत्या कागदाने बांधलेला, आणि ती गाठ कोणाला सोडता येते, हे आपल्यापैकी किती जणांनी वाचले आहे? आम्हीही 2020 नंतरच वाचले.

तर त्या साथीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. म्बोवेनी वाईट माणूस होते म्हणून असे घडले, असे आम्हाला वाटत नाही. पहिल्या खुर्चीवर असताना त्यांच्यासमोर मसुदा होता आणि दाराबाहेर कोसाटूचे मोर्चे. तिसऱ्या खुर्चीवर असताना समोर कर्जाचे आकडे होते, मार्च 2020 मध्ये पत घटवणाऱ्या मूडीजचा कागद होता, आणि दाराबाहेर लॉकडाऊन, मोर्चाला माणूस निघू शकत नव्हता. सी.सी.एम.ए. मात्र म्बोवेनी गेले तरी उभीच आहे. काढलेला कामगार आजही तिथे फी न भरता अर्ज देतो. आमच्या की-मनला तेवढे जरी मिळाले असते!

बोलणे लांबले. आर.एम.एस.च्या साथींना रात्रपाळीची ड्यूटी आहे आणि अप मेल वेळेवर असल्याचे आत्ताच कळले. अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवला आहे. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येक शाखेने आपल्या शेवटच्या समझोत्याची प्रत आणावी आणि त्यात खर्चाच्या मंजुरीबद्दल काय लिहिले आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून आणावी. ज्यांच्याकडे प्रत नाही त्यांनी आज जाण्यापूर्वी नाव द्यावे, आम्ही झेरॉक्स काढून पाठवतो.